तापातली भेट

अन्याय झाला तो माझ्या वडिलांवर, १९९६च्या डिसेंबरात, बायपास करून घरी आल्याच्या पाचव्या दिवशी. तो आम्हीच केला. आम्हा खान्देशी माणसांत आजाऱ्याला भेटायला न जाणं म्हणजे नातं तोडणं. कापड कारखान्यातली लूमची पाळी सुटली की गोडादरा वस्तीतल्या आमच्या खोलीत सगळे यायचे. त्या दिवशी थोरले काका अंगात ताप घेऊन आले आणि खोकत वडिलांच्या खाटेवर बसले.

"काका, दारातूनच बोला ना," मी म्हटलं. मी तेव्हा वस्तीत आरोग्याची पत्रकं वाटायचो.

"पत्रकं वाटीसन डाक्टर व्हयी गया का रे तू?" ते हसले. वडीलही मलाच रागावले. मी काकांसाठी चहा ठेवला.

चार दिवसांनी वडिलांना ताप आला. महिन्याभरात छातीत ऑपरेशनआधीची तीच कळ आली. पायातून काढून हृदयाला जोडलेली शीर बंद पडली होती. डॉक्टर म्हणाले, "विषाणूमुळे शिरेचं अस्तर सुजून गुठळी होऊ शकते. इथे तेच झालं, असं खात्रीनं सांगता येत नाही." दवाखान्याने दिलेल्या पथ्याच्या कागदावर तूप, मीठ, जिने सगळं होतं, ताप असलेल्या पाहुण्याबद्दल एक ओळ नव्हती.

वडील गेले. दहाव्याला सगळ्यांत जास्त काकाच रडले.

अंगात ताप असेल तर आजाऱ्याच्या दारातूनच परत फिरा. नातं तुटत नाही.