माझ्या नातीची दुसरी आजी

भागीबाई जेवणाऱ्याला 'वाढू का?' असं कधीच विचारत नसत. हरिहरेश्वराचं दर्शन आटोपून यात्रेकरू त्यांच्या पडवीत जेवायला बसत आणि भागीबाई कमरेवर एक हात ठेवून पंगतीसमोरून सावकाश फिरत. एखाद्याच्या ताटात न विचारता अर्धी भाकरी पडे. दुसरा भात मागायला तोंड उघडी, तोवर भात आलेला असे. तिसरा 'नको, नको, पुरे' म्हणे, तरी त्याला वालाचं बिरडं मिळे आणि तो ते मुकाट्याने संपवी. बारा वर्षं शेजारी राहून मी हे पाहिलं. त्यांचा अंदाज चुकलेला मला आठवत नाही. खरं सांगायचं तर तो चुकण्याची मी वाट पाहत असे.

ओम, सई, तुम्ही त्यांना भेटला नाहीत. तुम्ही इथे आलात तेव्हा त्या लेकीकडे बोर्लीला गेल्या होत्या. पण तुमची चुलत बहीण रेवा आज जशी आहे तशी का आहे, हे समजायला भागीबाई ठाऊक हव्यात. मला त्यांचा हेवा वाटत असे, तेही लिहिते. ते वगळलं तर उरलेलं खोटं होईल.

रेवा नऊ वर्षांची असताना माझ्याकडे राहायला आली. तिला अपस्मार आहे, हे तुम्हाला माहीत आहे. मोठे झटके औषधाने बहुतेक थांबले होते, पण बोलता बोलता ती मध्येच काही क्षण हरवे. नजर स्थिर, उचललेला हात तसाच. ती परत येई तोवर बोलणं पुढे गेलेलं असे. शिवाय समोरच्याच्या मनात काय आहे ते तिला ओळखू येत नसे. मुंबईच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "ही उद्धट नाही, आजी. या आजारात काही मुलांना माणसं ओळखणं जड जातं. सराव लागतो." मुंबईच्या शाळेत तिला एकही मैत्रीण नव्हती. इथे आल्यावर बागमांडल्याच्या फेरीबोटीच्या वेळा तिने तोंडपाठ केल्या. त्या ती कुणालाही अर्धा तास ऐकवी, समोरचा जांभया देत असला तरी. पाहुण्या बाई "चहा नको हो" म्हणाल्या, की ही भरलेला कप परत स्वयंपाकघरात नेई.

मी तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलेली. मी वेळापत्रक केलं. पुठ्ठ्याची कार्डं कापली. हसरा चेहरा, रागावलेला, घाबरलेला, कंटाळलेला, आणि खाली दोन्ही भाषांत नावं. महिन्याभरात रेवा दहापैकी दहा ओळखू लागली. अंगणात मात्र मुली का हसल्या, हे तिला तसंच कळत नसे.

एका सकाळी मी तिला भागीबाईंकडे विरजण आणायला पाठवलं. ती दुपारी परतली. पंगतीत पाणी वाढत होती म्हणे.

मग ती रोजच जाऊ लागली आणि पाण्यावरून भाकरी वाढण्यावर आली. माझ्या खिडकीतून सगळं ऐकू येई.

"बाय, त्या निळ्या सदऱ्याला वाढ."

"ते नको म्हणाले."

"तोंडाकडं बघू नको, हाताकडं बघ. ताटावर आडवा धरलाय का? न्हाय ना? मग वाढ. तोंड शाळंत जातं, हात न्हाय जात."

तो शाळेचा टोला मला आहे, असं मी धरून चालले. बहुधा नव्हता.

रेवा हरवली की मी म्हणत असे, "रेवा, लक्ष कुठे आहे?" भागीबाई तिच्या पाठीवर नुसता हात ठेवत. ती परतली की सहज सांगत, "तू न्हवतीस तवा ह्या पाव्हण्यांनी मीठ मागितलं. त्या आज्जी हसल्या, ते त्यांच्या नातवाला." जणू पोर क्षणभर परसात जाऊन आली होती. इतकी साधी गोष्ट मला का सुचू नये, या विचाराने मी दिवसभर धुसफुसत राहिले.

एकदा एक जाडजूड गृहस्थ म्हणाले, "अगं, किती वाढतेस! पोट फुटेल माझं."

रेवाने त्यांच्या हाताकडे पाहिलं आणि म्हणाली, "फुटू दे. भागीआजीकडं सुईदोरा हाय."

सगळी पंगत हसली, रेवाही हसली. तिचा आयुष्यातला पहिला विनोद, आणि तो मी पडद्याआडून ऐकला. संध्याकाळी मी तिला 'हाय' नव्हे, 'आहे' म्हणायला सांगितलं. शिवाय ती त्यांनाही आजी म्हणू लागली होती.

त्या हिवाळ्यात, सुट्टीच्या गर्दीत, भर पंगतीत रेवाला मोठा झटका आला. मी धावत पोचले, तोवर भागीबाईंनी तिला कुशीवर वळवलं होतं, भांडी दूर सारली होती. नाकाला कांदा लावायला आलेल्या एका पाहुण्यावर त्या ओरडत होत्या, "लांब व्हा! तोंडानाकाला कायबी लावायचं न्हाय!" हे सगळं मीच त्यांना शिकवलं होतं. त्यात त्यांनी तसूभरही चूक केली नव्हती. मग रेवाने डोळे उघडले. तिच्यासमोर माझा चेहरा होता. ती म्हणाली, "भागीआजी."

दुसऱ्या दिवशी मी कुंपणाशी जाऊन सांगितलं, "डॉक्टर म्हणाल्या, आता तिला तुमच्याकडे पाठवायचं नाही. चूल, उकळती भांडी... धोका नको."

डॉक्टर असं म्हणाल्या नव्हत्या. त्यांनी फोनवर औषधाची मात्रा बदलली होती आणि सांगितलं होतं, "चुलीपासून लांब ठेवा. बाकी सगळं चालू राहू द्या, तिला त्याचा उपयोग होतोय."

भागीबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी पदराचं टोक बोटाला गुंडाळत होते.

"बरं, वैनी," एवढंच त्या म्हणाल्या.

रेवा पुन्हा घरात बसून कार्डं ओळखू लागली. मग फेरीबोटीच्या वेळा सुरू झाल्या, आणि त्यांच्याखेरीज दुसरं बोलणं थांबलं. तुमच्या काकाने, म्हणजे रेवाच्या बाबांनी, फोनवर माझ्या शिस्तीची तारीफ केली. मी ती ऐकून घेतली.

तीन आठवड्यांनी एका दुपारी आम्ही दोघी वाल सोलत समोरासमोर बसलो होतो.

"आजी, डॉक्टर तसं म्हणाल्या नाहीत," रेवा म्हणाली.

"तुला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. भागीआजीचं नाव आलं की तू चष्मा पुसतेस. तो स्वच्छच असतो."

मी वाल सोलत राहिले.

"तू रागावलेली नाहीस," ती सावकाश म्हणाली. "घाबरलेली पण नाहीस. मुली लंगडी खेळतात आणि मला घेत नाहीत, तेव्हा मला होतं ना, तसं तुला होतं."

माझ्या कार्डांत हेव्याचं कार्ड नव्हतं. या मुलीला माणसाचं मन कळावं म्हणून मी वर्षभर धडपडले होते. तिला पहिलं संपूर्ण कळलं ते माझं.

मी हात धुतले आणि तिला घेऊन शेजारी गेले. भागीबाई भाकरी थापत होत्या.

"डॉक्टर काही म्हणाल्या नव्हत्या," मी दारातूनच सांगितलं.

"म्हाईत हाय. बसा. बाय, तू पाण्याचा तांब्या घे. चुलीकडं न्हाय यायचं."

"माहीत होतं, मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू? नात तुमची." त्यांनी भाकरी उलटली. "आन् माझं काय कमी जळायचं, वैनी? दिसभर हितं रमायची, आन् दिवेलागण झाली की 'माझी आजी वाट बघत आसंल' म्हणून पळत सुटायची. रोज! येकदा तर वाटलं, दाराला कडीच घालावी."

मला याची कधी शंकाही आली नव्हती. संध्याकाळी धापा टाकत घरात शिरणाऱ्या रेवाला मी रोज एकच वाक्य ऐकवत असे: "झाली का आठवण घराची?"

त्यानंतर रेवा बारा वर्षांची होऊन मुंबईला परत जाईपर्यंत दुपारी त्यांच्याकडे आणि संध्याकाळी माझ्याकडे असे. आम्ही दोघी एकमेकींवर जळणं काही सोडलं नाही, पण आता ते बोलून दाखवू लागलो. "घेऊन जा तुमचं रत्न," त्या कुंपणावरून हाक मारत. "ठेवून घ्या की," मी म्हणत असे.

गेल्या भाद्रपदात भागीबाई गेल्या. रेवा आता पंधराची आहे. निरोप मिळताच ती तिच्या बाबांबरोबर आली आणि बॅग खांद्यावर तशीच घेऊन माझ्या फाटकावरून सरळ पुढच्या घरात गेली. भागीबाईंच्या सुनेजवळ बसून ती इतकी रडली की बायका तिला पाणी देऊ लागल्या. मी पडवीत उभी होते. या वयात, अशा वेळी, मला पुन्हा तेच झालं.

घरी येताना मी विचारलंच, "रेवा, मी गेल्यावर इतकी रडशील का?"

तुम्ही दोघं असता तर म्हणाला असता, 'आजी, असं काय बोलतेस!' रेवा रस्त्यात थांबली आणि खरोखर विचार करू लागली.

"माहीत नाही," ती म्हणाली. "तेव्हा मी मोठी असेन. कदाचित कमी रडेन."

मग तिने माझ्या हातांकडे पाहिलं. मी चष्मा पुसत होते.

"बाबा उद्या जाऊ देत," ती म्हणाली. "मी सोमवारपर्यंत राहते."