नाकातला तिसरा तुकडा

थोरल्या भावाची, दादाची, डावी नाकपुडी चार महिने बंद होती. श्रीगोंद्यात सायनसच्या गोळ्या झाल्या, वाफारे झाले. गाल सुजला तेव्हा आम्ही नगरला कान-नाक-घशाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी दुर्बिणीतून पाहून तपासणीसाठी तुकडा काढला. रिपोर्ट आला: फक्त मृत पेशी, निदान शक्य नाही. दुसऱ्या तुकड्याचंही तेच. दादाला आता रोज ताप येत होता. कॅन्सरची शंका होती. पण कोणता, ते कळल्याशिवाय उपचार सुरू होत नव्हते.

बाईंनी तिसरा तुकडा मागितला, तसं वहिनी उठून उभीच राहिली. "नाक हाय का ऊस? किती तोडायचं?"

बाई पुन्हा समजावू लागल्या. वरचा थर मेलेला आहे, या वेळी भूल देऊन आत, जिवंत भागापर्यंत जायचं आहे. वहिनी ऐकेना. दादाची दोन एकर लिंबोणी आहे. तो म्हणाला, "अगं, लिंबोणीची फांदी वाळली तर वाळल्याल्या काटकीत रोग दिसतो व्हय? हिरवं लागंस्तोवर खरडावं लागतं."

वहिनी खाली बसली. "मंग असं सांगायचं की."

"काकू, अर्धा तास मी हेच सांगतेय," बाई म्हणाल्या.

"तुमी लिंबाचं कुठं सांगितलं?"

तुकडा पुण्याच्या प्रयोगशाळेत गेला. नवव्या दिवशी बाईंचाच फोन आला. "सापडला!" आवाज इतका मोठा होता की शेजारच्या खोलीतून वहिनी आली. एनके-टी सेल लिम्फोमा. नाकात होणारा, दुर्मीळ. मी त्यांच्याकडून अक्षरं दोनदा वदवून घेतली. आजार अजून नाकापुरताच होता आणि त्यावर इलाज होता. मी हसत होतो.

"कॅन्सर निघाला अन् हसताय काय, भावजी?"

"नाव मिळालं, वहिनी! आता औषध सुरू होतंय."

पुण्यात रेडिएशन झालं, मग केमो. दादाच्या तोंडाला फोड आले, तो पंधरा दिवस पेजेवर राहिला. तीन महिन्यांनी स्कॅनचा रिपोर्ट मी दवाखान्याच्या जिन्यातच उघडला. दोनदा वाचला. आजाराचा मागमूस नव्हता. पुढची काही वर्षं तपासण्या चालू राहणार होत्या, तेही लिहिलं होतं.

"कुठं लिवलंय? बोट ठेवून दावा," वहिनी म्हणाली.

मी ओळीवर बोट ठेवलं. तिनं कागद ओढून घेतला, त्याच ओळीवर स्वतःचं बोट दाबून धरलं आणि जिना उतरत सुटली. दादा खाली टपरीवर चहा पीत होता. त्याला अजून काहीच माहीत नव्हतं.