उजव्या हाताची मूठ

सकाळी सात वाजून चाळीस मिनिटांनी ताइमी केस्ती सहा नंबरच्या खाटेवरच्या माणसाच्या डोक्यावर शेवटची तार चिकटवत होती. केस बाजूला सारायचे, तेवढी जागा खरखरीत मलमाने घासायची, त्यावर लेप लावायचा आणि लेपात तारेच्या टोकाची, शर्टाच्या बटणाएवढी वाटी दाबायची, हे काम ती थंडर बे शहरातल्या एका इस्पितळात एकतीस वर्षं करत होती. मेंदूचे आलेख काढणारी बाई म्हणून अतिदक्षता विभागात तिला सगळे ओळखत.

खाटेवरचा लॉर्न साव्चुक धान्याच्या कोठारांवर काम करून निवृत्त झालेला. गोठलेल्या तळ्यावर भोक पाडून मासे धरत बसला असताना त्याचं हृदय बंद पडलं. शेजारच्या खोपटातल्या माणसांनी छाती दाबून दाबून ते पुन्हा चालू केलं. आता गुंगीची औषधं बंद करूनही तो डोळे उघडत नव्हता. नखावर पेन दाबलं तरी हात मागे घेत नव्हता.

अशाच माणसांवर ते संशोधन चाललं होतं. बाहेरून निपचित दिसणारा माणूस आतून ऐकत असतो का, एवढाच प्रश्न. कानांवर हेडफोन लावायचे. त्यातून हुकूम येतो, 'उजव्या हाताची मूठ उघडत-मिटत राहा.' थोड्या वेळाने, 'आता थांबा.' मग डाव्या हाताची पाळी. हात हलत नाहीच. पण हुकूम ऐकून हात हलवायची तयारी मेंदूत झाली, तर आलेखात बारीक फरक पडतो. तो डोळ्यांना दिसत नाही. आलेख मॉन्ट्रियलच्या मुख्य केंद्रात जातात आणि तिथलं यंत्र तो हुडकून काढतं. चाचणी लागोपाठ दोन दिवस करायची, कारण असा माणूस एक दिवस ऐकतो आणि एक दिवस ऐकत नाही.

हुकूम देणारा आवाज ताइमीच्या नवऱ्याचा होता. त्याला जाऊन दोन हिवाळे झाले होते.

रेइनो केस्ती याच विभागात व्हेंटिलेटर सांभाळायचा आणि शनिवारी आइस हॉकीच्या सामन्यांत माइकवरून गोल कुणी केला ते सांगायचा. संशोधन सुरू झालं तेव्हा आवाजासाठी दुसरं कुणाचं नावच निघालं नाही. जाड ब्लँकेटांमुळे बाहेरचा आवाज येत नाही म्हणून चादरींच्या कोठीत ध्वनिमुद्रण झालं. 'आता थांबा' त्याला काही केल्या जमेना. ताइमी शेवटी वैतागून म्हणाली होती, "अरे, तू आजारी माणसाला थांबवतोयस, ट्रकला नाही." पुढच्या खेपेला त्याने ते जवळजवळ कुजबुजून म्हटलं. तेच कायम झालं. एका केंद्रात एकच आवाज, आणि संशोधन संपेपर्यंत तो बदलायचा नाही, असा नियम होता.

मग एका जानेवारीत बर्फ उपसताना रेइनो अंगणातच कोसळला आणि याच विभागात आला, चार नंबरला. ताइमीने संशोधनासाठी संमती दिली. घरच्या माणसाची चाचणी तिला करता येणार नव्हती. ती तिच्या सहकाऱ्याने, गॉर्डी बाब्युकने केली. रेइनोच्या कानात रेइनोचाच आवाज घालायचा का, हे गॉर्डीने मॉन्ट्रियलला विचारून घेतलं. उत्तर आलं, नियम सगळ्यांना सारखा. निकाल मात्र कुणालाच कळवायचा नव्हता, डॉक्टरांनाही नाही आणि घरच्यांनाही नाही. ही पद्धत अजून भरवशाची ठरली नव्हती. दुसऱ्या चाचणीनंतरच्या सकाळी डॉक्टरांनी मेंदूची छायाचित्रं दाखवली. ताइमीला ती समजावून सांगायची गरज नव्हती. तिने व्हेंटिलेटर काढायला होकार दिला.

तीन आठवड्यांनी ती कामावर परतली. पुढच्या चाचणीपूर्वी नियमाप्रमाणे तिने हेडफोन आधी स्वतःच्या कानाला लावला. आवाज नीट येतो का, हे बघायला एक हुकूम पुरतो. ती शेवटपर्यंत ऐकत राहिली. तेव्हापासून ती दर वेळी शेवटपर्यंत ऐकत असे.

गेल्या गुरुवारी मॉन्ट्रियलहून डॉ. गान्यों यांचा फोन आला होता. नियम बदलला होता. घरच्यांनी मागितला तर त्यांच्या माणसाचा निकाल आता सांगता येणार होता. ताइमीही घरचीच. फक्त एक अडचण होती. ज्याला एका जरी रुग्णाचा निकाल ठाऊक आहे, त्याने पुढे चाचण्या करायच्या नाहीत. निकाल ठाऊक असला की हात नकळत एका बाजूला झुकतो. म्हणजे रेइनोने ऐकलं होतं की नाही, हे जाणून घ्यायचं तर तो आवाज सोडायचा. तो आवाज फक्त विभागातल्या चाचणीच्या यंत्रात होता, आणि त्याच्या कुलपाची किल्ली चाचणी करणाऱ्याकडेच असे. घरी रेइनोचे फोटो होते. मुद्रित आवाज एकही नव्हता. ताइमी म्हणाली होती, विचार करून सांगते.

तारा लावून झाल्यावर ती हात धुवायला बाहेर आली. गॉर्डी नर्सच्या टेबलाशी गुलाबी आयसिंगचा पर्शियन बन खात उभा होता. अर्धा त्याने तिच्यासाठी कागदात ठेवला होता.

"काय गं," तो म्हणाला, "पाच आठवडे तोंड पाडून फिरत होतीस. आज गाणं काय गुणगुणतेस. लॉटरी लागली वाटतं?"

ताइमीने बन घेतला नाही. पाच आठवड्यांत चाचणीजोगा एकही रुग्ण आला नव्हता. काल दुपारी सहा नंबरच्या रुग्णासाठी फोन आला, तेव्हा ती लिफ्टसाठीही थांबली नव्हती, चार मजले जिन्याने चढून आली होती. तेव्हा तिला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. आता हातावरून पाणी वाहत असताना ते तिला स्पष्ट दिसलं. तळ्यावर एक माणूस कोसळला आणि आपल्याला आनंद झाला.

खोलीत परत आली तेव्हा लॉर्नची बायको व्हर्ना खुर्चीत येऊन बसली होती. अंगात नवऱ्याचं जाड जाकीट. तिने विचारलं की या हेडफोनातून ह्यांना काय ऐकवणार. ताइमीने सांगितलं. मला ऐकता येईल का, असं व्हर्नाने विचारल्यावर ताइमीने हेडफोन तिच्या हातात दिला. व्हर्नाने डोळे मिटून बराच वेळ ऐकलं.

"आवाज चांगला आहे हो," ती म्हणाली. "बायकोशी भांडण मिटवायला आल्यासारखा. पण त्याला सांगा, आमच्या ह्यांना थांब म्हटलेलं चालत नाही. चाळीस वर्षं मी सांगून बघितलंय."

ताइमी हसली.

"इथेच काम करतो का तो?"

"हो," ताइमी म्हणाली.

शब्द तोंडातून निघून गेला होता. व्हर्नाला त्यात काही खटकलं नाही. तिने हेडफोन परत दिला, नवऱ्याच्या कपाळावरची एक तार चुकवून हात ठेवला आणि खालच्या आवाजात म्हणाली, "ह्यांनी ऐकलं की नाही, ते मला सांगा. वाईट असलं तरी सांगा. नाहीतर मी घरी जाऊन आयुष्यभर स्वतःलाच विचारत बसेन."

ताइमीने तिला नियम सांगितला: निकाल मॉन्ट्रियलहून येतो, तुम्ही मागितलात तर डॉक्टर सांगतील, आणि तिथलं यंत्र चुकूही शकतं. मग हेडफोन स्वतःच्या कानाला लावला, आवाज तपासला. या वेळी पहिल्या हुकुमानंतर तिने तो काढला. लॉर्नच्या कानांवर बसवून चाचणी सुरू केली. पडद्यावर आलेखाच्या रेषा सरकत राहिल्या. खोलीत व्हेंटिलेटरशिवाय कसलाच आवाज नव्हता. आतला आवाज फक्त लॉर्नसाठी होता, तो ऐकत असला तर.

दुपारी तिने आलेख रवाना केले आणि चादरींच्या कोठीत जाऊन डॉ. गान्योंना फोन लावला. मला सांगा, म्हणाली. डॉक्टरांनी दोनदा विचारलं की पक्कं ना, यातून मागे येता येत नाही. पक्कं, ती म्हणाली.

"पहिल्या दिवशी काही मिळालं नाही," डॉक्टर म्हणाल्या. "दुसऱ्या दिवशी मिळालं. ताइमी, यावरून ते बरे झाले असते असं म्हणता येत नाही. यंत्र चुकलंही असेल."

"माहीत आहे मला. कुठला हात?"

थोडा वेळ पलीकडून कळफलकाचा आवाज येत राहिला.

"उजवा."

चार नंबरला व्हेंटिलेटर उजवीकडे उभा असतो. माणसांची खुर्ची डावीकडे. ती दोन्ही दिवस त्या खुर्चीत बसून रेइनोचा डावा हात धरून होती. धरला असता तरी उजवा हात हलला नसता, हे तिच्याहून चांगलं कुणाला ठाऊक नव्हतं. ती ब्लँकेटांच्या चळतीला टेकली. स्वतःची उजवी मूठ तिने उघडली, मिटली. मग दिवा बंद करून बाहेर आली.

गॉर्डीला तिने एवढंच सांगितलं की मी निकाल घेतला आहे, यंत्राची किल्ली घे. गॉर्डीने कोणता निकाल ते विचारलं नाही. थट्टाही केली नाही. किल्ली खिशात टाकून त्याने विचारलं, आवाज किती मोठा ठेवतेस.

"तू ठेवतोस त्याहून थोडा कमी," ताइमी म्हणाली. "आणि आधी स्वतः ऐकून बघ. एकच हुकूम."

लॉर्न साव्चुकची दुसरी चाचणी उद्या सकाळी नऊ वाजता आहे. ती गॉर्डी करेल, आवाज तोच असेल. नऊ वाजता ताइमीला तळमजल्यावरच्या तीन नंबरच्या खोलीत झटके येणाऱ्या एका मुलीचा आलेख काढायचा आहे, आणि केस धुऊन या, तेल लावू नका, असा निरोप तिच्या आईला गेला आहे.