इक्बालचा रबरी सूट

“बाबा, इट्स टू टाइट,” डायव्हिंगचा नवा सूट अंगात चढवत मुलगा म्हणाला. त्या रबराच्या वासाने मी आखातातल्या आमच्या खलिफा सिटीतल्या घरातून थेट रोल्ला वस्तीतल्या, तरुणपणीच्या जुन्या खोलीत पोहोचलो.

रत्नागिरीचा इक्बाल माझा रूममेट होता. आम्ही दोघं एकाच गोदामात कारकून होतो. त्याचं नसीमावर प्रेम होतं, पण तिच्या अब्बांना कारकून जावई नको होता. म्हणून त्याने कोर्स करून भर समुद्रातल्या तेलविहिरींवर पाणबुड्याची नोकरी धरली.

त्या दुपारी एसी बंद होता. इक्बाल सूट घालून आरशासमोर ऐटीत उभा राहिला आणि गळ्याशी सूटची चेन अडकली. आधी तो हसत होता. मग नुसतेच हात हलू लागले, डोळे विस्फारले. मी कात्रीने सूटचा गळा कापून तो फाडला.

“नको जाऊस रे,” मी म्हणालो.

“नसीमापण हेच सांगते,” तो धापा टाकत म्हणाला. “पण अब्बांना कोण समजावणार? इन्शाल्ला, ईदनंतर लग्न. कंपनी दुसरा सूट देईल, हबीबी.”

ईदच्या आधीच तो पाण्याखाली गेला, तो वर आलाच नाही.

त्या दुपारी मात्र चहा पिताना आम्ही पोट धरून हसलो. मला वाटलं होतं, त्याच्यावरचं संकट टळलं.