वस्तादाच्या हातात रिकामं क्रेट

बावड्याच्या तालमीत पोरवयात मी चार वर्षं तांबड्या मातीत लोळलो होतो, आणि त्याची घमेंड पन्नाशी उलटली तरी उतरली नव्हती. फाउंड्रीतही सगळे मला वस्ताद म्हणत. नव्वदच्या सुमारास डिस्पॅचला लागलो तेव्हापासून माझं काम एकच. ओतीव लोखंडाचे भाग क्रेटमध्ये भरायचे आणि क्रेट उचलून ट्रॉलीवर चढवायचं. दोघांनी धरायचं क्रेट मी एकटा उचलायचो, आणि कोण कोण बघतंय तेही बघून घ्यायचो.

दोन हजार साल उलटून तीन-चार वर्षं झाली असतील. एकाच पावसाळ्यात माझी कंबर दोनदा धरली. दुसऱ्या वेळी तर भरलेलं क्रेट मध्येच सोडावं लागलं. सुपरवायझर म्हणाले, "वस्ताद, दिवाळीपतोर बघू. न्हाईतर गेटवर बसा रजिस्टर घिऊन."

पगार तोच राहणार होता. वर सावली, खुर्ची, पंखा. दुसऱ्या कुणी पेढे वाटले असते. पण गेटवर बसवलेला म्हणजे कामातून गेलेला, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक.

त्याच सुमाराला पुण्याच्या एका मोठ्या गिऱ्हाईक कंपनीनं अट घातली, की कामगारांच्या तब्येतीसाठी काहीतरी कार्यक्रम चालवला पाहिजे. मालकांनी कुरुंदवाडकडची एक तरुण फिजिओथेरपिस्ट आणली. रोज सकाळी शिफ्टच्या आधी वीस मिनिटं, डिस्पॅचसमोरच्या मोकळ्या जागेत व्यायाम. मॅडमनी पहिल्यालाच सांगितलं, की हा व्यायाम अंग कमवायचा नाही, कामाचा आहे. वाकणं, उचलणं, वळणं, ओढणं, जे दिवसभर करता तेच नीट करायला शिकायचं. आज फक्त दहा बैठका, सावकाश.

दहा ऐकून मोल्डिंगची, साचे भरणारी पोरं हसली. "मॅडम, दहा तर आमचं म्हातारं आंघोळीआधी काढतंय की." मग ओतलेले भाग घासून साफ करणाऱ्या फेटलिंगवाल्यांना राहवेना. आमच्याकडं दोन खाती समोरासमोर उभी राहिली की ईर्षा लागायला वेगळं कारण लागत नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात तसा मी दुखरी कंबर घेऊन मधोमध उभा राहिलो आणि मोठ्यानं मोजत बैठका काढायला लागलो, तशी दोन्ही खाती माझ्या मागोमाग. मॅडम थांबा थांबा म्हणत राहिल्या. मी दोनशे दहाला थांबलो, तेही भोंगा झाला म्हणून.

दुसऱ्या दिवशी निम्मी शिफ्ट आलीच नाही. जे आले त्यांना पायऱ्या उतरता येईनात. संडासात बसलेल्याला उठवायला दुसरा माणूस लागत होता. भट्टी तापलेली आणि ओतायला माणसं नाहीत. मालकांनी फर्मान काढलं, हा तमाशा आजपासून बंद.

गोळ्या खाऊन झाल्या होत्या, तेल चोळून झालं होतं. कंबर सुधारायची एकच वाट उरली होती, आणि ती मीच बुजवली होती.

कठडा धरून, आडवा आडवा जिना चढत मी मालकांच्या केबिनमध्ये गेलो. म्हणालो, "मालक, त्या पोरीची चूक न्हाई. ईर्षा मी लावली." असलं वाक्य माझ्या तोंडून जन्मात निघालं नव्हतं. मालकांनी माझ्या थरथरत्या पायांकडं बघितलं आणि त्यांना हसू आवरेना. "दिवाळीपर्यंत चालू दे," ते म्हणाले. "पण परत शिफ्ट मोडली तर दिवाळीची वाट बघणार न्हाई. दुसऱ्या दिवशी तुम्ही गेटवर."

सोमवारी मॅडमनी मला सगळ्यांसमोर बोलावलं आणि पुढ्यात एक क्रेट ठेवलं. रिकामं.

"ह्यात काय भरू?"

"काय न्हाई, काका. असंच उचला."

मी उचललं. "कमरेनं उचललंसा. परत." परत उचललं. "आता ठेवताना कमरेतनं वळलासा. पाय फिरवा. परत." मागून कुणीतरी विचारलं, "वस्ताद, लई जड हाय व्हय?" माझी कानशिलं तापली. पंधरा झाले, असं मी मॅडमना ऐकवलं. त्या म्हणाल्या, "काका, मला आकडा नको. पाठ दाखवा."

त्या पोरीचा मला भयंकर राग आला. पण खरं सांगायचं तर गेटची भीती रागाहून मोठी होती. तीन आठवडे मी रिकामं क्रेट उचललं. गुडघ्यांत वाकायचं, क्रेट छातीशी घ्यायचं, पायांच्या जोरावर उठायचं, पाऊल टाकून वळायचं. पोरं हसून हसून दमली, आणि मग एकेक जण शेजारी येऊन तेच करायला लागला. माझ्या क्रेटमध्ये एक नग पडला, आठ दिवसांनी दुसरा. दसऱ्याच्या आसपास एका सकाळी बुटाची नाडी बांधून मी उठलो, आणि लक्षात आलं की उठताना भिंत धरली नव्हती.

वसुबारसेच्या आदल्या दिवशी डिस्पॅचला दोन लॉऱ्या लागल्या. सुपरवायझर हात मागं बांधून समोरच उभे राहिले. मी घाई केली नाही. क्रेटमागून क्रेट चढत गेलं. मोठं क्रेट आलं तेव्हा मी हाक मारली, "दुसरी बाजू धरा रे कुणीतरी." सगळं खातं माझ्याकडं बघायला लागलं. लाज वाटेल असं वाटलं होतं, पण वाटली नाही.

दुपारनंतर दुसरी लॉरी भरून झाली, आणि मी ताठ उभा होतो.

"कंबर?" सुपरवायझरनी विचारलं.

"जाग्यावर हाय."

"मग गेटला दुसरं कोणतरी बघतो," म्हणून ते निघून गेले. पोरांनी मला खांद्यावर घ्यायचा घाट घातला, तर मॅडम ओरडल्या, "पाठ सरळ ठेवून उचला." त्या दिवशी सायकल बावड्यापर्यंत कशी हाणली आठवत नाही. बायकोला उंबऱ्याबाहेरूनच सांगितलं आणि डोळ्यांतून पाणी आलं, ते पुसलंही नाही.

पुढं सहा वर्षं मी डिस्पॅचलाच होतो आणि तिथूनच निवृत्त झालो. शेवटच्या दिवशी भोंगा झाला तेव्हा माझ्या हातात भरलेलं क्रेट होतं. ते ट्रॉलीवर नीट ठेवलं आणि मगच हात धुतले.