भागीरथाबाईची चिमटी

अमरावतीत पस्तीस वर्षं काढली मी, त्यातली एकतीस शाळेत पोरांवर ओरडण्यात गेली. त्यामुळे माझं बोलणं जरा चढ्या आवाजातलं आहे, हे आधीच सांगून ठेवते. ज्या बाईची गोष्ट सांगणार आहे तिचा आवाज माझ्याहून वर आहे, म्हणून तर आमचं जमलं.

भागीरथाबाई आमच्या मागच्या गल्लीत राहते. बाळ-बाळंतिणींना तेल लावून न्हाऊ घालणं हा तिचा धंदा. सकाळी सातला निघते, चार घरं करते आणि बाराला ऑटोनं परत येते. पाटावर बसून पाय लांब करायचे, बाळाला पायांवर घ्यायचं, टाळू भरायची, हातपाय चोळायचे आणि सगळ्यात शेवटी नाक. तेलानं निसरड्या दोन बोटांच्या चिमटीत बाळाचं नाक धरून ती हळूच वर ओढते. एकवीस वेळा, मोजून. "कवळं हाय तोवर नाक आपल्या हातात रायते," असं ती बाळाच्या आईला बजावते, "मंग कोनाच्या बापाच्या हातात नाही रायत."

माझ्या अमोलला तिनंच न्हाऊ घातलं. त्याचं नाक सरळ आहे. सासरचे सगळे म्हणायचे, आजोबांवर गेलं. पण भागीरथाबाईसमोर तसं म्हणायची सोय नव्हती. "तुमच्या सासऱ्यानं ओढलं काय त्याचं नाक चाळीस दिवस?" म्हणून ती भांडायला उठायची. अमोल आता तेहतीस वर्षांचा आहे, पुण्याहून घरी आला की ती आजही त्याची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे फिरवते आणि आपलं काम तपासते. एकदा मी तिच्यासोबत बँकेत गेले होते. काउंटरवरच्या पोराकडे ती टक लावून बघत राहिली आणि म्हणाली, "तू नितेश ना रे? उजवीकून जरासं राह्यलं तुहं. तुह्या मायनं विसाव्या दिवशीच मले बंद केलं." मागं रांग खोळंबलेली. तो बिचारा दिवसभर उजवीकडून नाक चाचपत बसला असेल.

आणि हिचं स्वतःचं नाक? चांगलं बसकं. तीच सांगते, कणकेच्या गोळ्यावर आंगठा दाबला तसं. दुसऱ्यानं हसण्याआधी आपणच हसून घ्यायची तिची रीत आहे. तिला चष्मा लागला तेव्हा आम्ही दोघी दुकानात गेलो. जी फ्रेम घातली ती घसरून ओठावर. दुकानदार कंटाळून म्हणाला, "मावशी, जरा मान वर ठेवत जा." ती म्हणाली, "मान वर ठेवून पायावरचं पोट्टं कसं पाहू रे बाप्पा?" शेवटी चष्म्याला मागून दोरी बांधली, ती आजही आहे.

पण फोटो म्हटलं की तिचं हसू संपायचं. लगेच पदर नाकावर यायचा. मी तरी काय वेगळी? माझ्या पुढच्या दोन दातांमध्ये चांगली रुंद फट आहे, म्हणून हसले की माझा हात आपोआप तोंडावर जातो. अमोलच्या लग्नात आम्ही दोघी शेजारी उभ्या होतो. तो फोटो बघून नव्या सुनेनं भोळेपणानं विचारलं, "तिथं नाली फुटली होती का, आई?"

भागीरथाबाईचा जन्म दर्यापूरकडच्या एका खेड्यात, ऐन वेचणीच्या दिवसांतला. बाराव्या दिवशी तिची आई कापूस वेचायला गेली. लेकराला तेल लावायला कोणाला वेळ होता? गावातल्या पोरी तिला नकटी म्हणायच्या. ही गोष्ट ती मला बरेचदा सांगायची आणि शेवटी एकच वाक्य बोलायची, "माहं नाक वाईट नाही, मास्तरीणबाई. त्याले हात भेटला नाही." हे म्हणताना ती हसायची नाही. बाईचा आयुष्यभराचा धीर त्या एका वाक्यावर उभा आहे, हे मला फार उशिरा कळलं. एवढी वर्षं शिकवून माणसं वाचता येत नाहीत, त्याला काय करणार.

पुंजाजी तिला बघायला आला तेव्हा ती नाकावर पदर ओढूनच चहा घेऊन आली होती. पोरगी लाजाळू आहे म्हणून मोठ्या माणसांनी कौतुक केलं. लग्नानंतर तिसऱ्या दिवशी पुंजाजीसमोर पदर सरकला आणि त्यानं तिला नीट पाहिलं.

"काय म्हणाले मग?" मी विचारलं होतं.

"काय म्हनतीन? चहा आन म्हने."

चाळीस वर्षं झाली तरी तिला त्याचा राग होता. चांगलं नाही तर नाही, निदान वाईट तरी म्हणायचं होतं. पुंजाजी एसटीच्या डेपोत टायर बसवायचा, आता रिटायर होऊन ओसरीत खुर्ची टाकून बसतो. त्याच्या तोंडून दिवसाला दहा शब्द निघाले तर पुष्कळ.

त्यांच्या मुलाला, सुगतला, मागच्या जानेवारीत मुलगी झाली. सून पायल नर्स आहे, समजूतदार पोरगी. मी दवाखान्यात गेले, दुपटं बाजूला करून बाळ पाहिलं, नाक पाहिलं. भागीरथाबाईच बारीक होऊन तिथं झोपली होती. खरी भागीरथाबाई शेजारी माझ्या तोंडाकडे बघत उभी होती.

मी म्हटलं, "केस किती दाट आहेत, नाही?"

"केसं नोका सांगू मले," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून तिनं बाहेरची चारही घरं बंद केली. सकाळ-संध्याकाळ फक्त नात. एकवीसच्या जागी चाळीस चिमट्या. पायलनं मला एकदा बाजूला घेऊन सांगितलं, "काकू, ओढून काही होत नसते हो. नाक जसं यायचं तसंच येते. पन आईले कसं सांगू?" सासूला ती एवढंच म्हणायची, "आई, जरा हळू." दर रविवारी मला तपासायला बोलावणं यायचं. "काय वाटते? उचललं ना थोडं?" आणि मी, जिनं एकतीस वर्षांत कोणाला अर्धा मार्क फुकट दिला नाही, ती म्हणायची, "थोडं उचललं खरं."

बाळ अडीच महिन्यांचं झालं आणि बारसं ठरलं. बुद्धवंदना झाली, बाळाचं नाव ठेवलं प्रणाली. बायका बाळाला हातोहात घेत होत्या. तेवढ्यात सुगतची कोणी चुलत मावशी अगदी प्रेमानं म्हणाली, "अगदी आजीवर गेली वं." बाकीच्यांनी माना डोलावल्या. भागीरथाबाईचा चेहरा उतरलेला मला लांबून दिसला.

मग फोटो. सुगतचा दोस्त अश्विन कॅमेरा घेऊन आला होता. आजी-नातीला आधी खुर्चीवर बसवलं. भागीरथाबाईचा पदर सवयीनं नाकावर गेला. आणि दुसऱ्या हातानं तिनं दुपट्याचं टोक ओढून बाळाच्या नाकावरही घातलं.

"आजी, बाळाचं तोंड दिसू द्या ना," अश्विन म्हणाला.

"असाच काढ."

बाळाला ते आवडलं नाही. ते मान इकडेतिकडे करायला लागलं, शिंकलं आणि रडायला लागलं, तरी हिनं टोक सोडलं नाही. उठून तिचा हात धरावा असं वाटलं, पण रविवारी खोटं बोलणारी मी, कोणत्या तोंडानं उठणार?

कोपऱ्यातून पुंजाजी बोलला, "काहून झाकते वं तिले? तिनं कोनाचं काय चोरलं?"

सगळा मांडव त्याच्याकडे वळला. भागीरथाबाईनं मान वर केली. "तुमाले काय समजते? शाळेत नकटी म्हनतीन तिले," ती म्हणाली आणि तिचा आवाज फाटला. "अन् हे माह्या हातानं झालं नाही. बत्तीस-तेत्तीस वर्षं लोकायचे नाकं ओढले, अन् घरच्या पोरीले माहा हात लागू पडला नाही. म्हंजे मायनं ओढलं असतं तरी माहं असंच राह्यलं असतं."

एवढं बोलून ती सगळ्यांसमोर रडली. या बाईला मी कधी रडताना पाहिलं नव्हतं, तिची आई गेली तेव्हासुद्धा नाही. माझेही डोळे भरून आले.

पुंजाजी उठला, खुर्ची ओढत तिच्याजवळ आला आणि बसला. म्हणाला, "राह्यलं असतं तं राह्यलं असतं. मी तुले पदराच्या आधी पाह्यलं होतं."

"कुठी?"

"दर्यापूरच्या स्टँडवर. तू मायसंगं कापसाच्या बैलबंडीवर बसून कशाले तरी हासत होती. हासली की हे नाक अजूनच पसरते तुहं. ते पाहूनच घरी जाऊन बापाले म्हनलं, त्या पोरीच्या घरी चला."

चाळीस वर्षांत तो एका दमात एवढं बोलला नसेल. भागीरथाबाई त्याच्याकडे वळली. मग म्हणाली, "मंग तिसऱ्या दिवशी चहा आन काहून म्हनलं?"

"चहा पायजे होता."

पहिली पायल हसली, मग सगळा मांडव हसला. भागीरथाबाई रडता रडता हसली आणि हसताना पदर खाली पडला, तो तिनं उचलला नाही. दुपट्याचं टोकही सुटलं. तेवढ्यात अश्विननं फोटो काढून घेतला. तो आता त्यांच्या बैठकीत लावला आहे. आजीचं नाक गालभर पसरलंय, नातीचं रडून लाल झालंय, पुंजाजी कॅमेऱ्याकडे न बघता बायकोकडे बघतोय. कडेला तोंडावर हात धरलेली मी आहे. माझा हात काही अजून खाली येत नाही. ज्याचं त्यालाच उमजावं लागतं, बाप्पा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुद्दाम गेले. भागीरथाबाई पाटावर पाय लांब करून बसली होती, दोरीचा चष्मा, पायांवर प्रणाली. टाळू भरली, हातपाय चोळले. मग दोन बोटं तेलात बुडवून तिनं चिमटी केली आणि नाकाशी नेली. तिथं हात थांबला. चिमटी सुटली. एका बोटानं तिनं त्या बसक्या नाकावरून तेलाचा थेंब फिरवला आणि बाळाला दुपट्यात गुंडाळायला घेतलं.

मी मास्तरीण, चूक दाखवल्याशिवाय कशी राहणार. म्हटलं, "भागीरथाबाई, नाक राहिलं."

"नाही राह्यलं," ती म्हणाली. "ते येतानीच पुरं होऊन आलं."