कुंडीतल्या मातीचा आकडा

अमरावतीच्या आमच्या मंडळात तेवीस जण होते. मी अकोल्याहून दर दुसऱ्या रविवारी एसटीने जात असे. कल्पना चांगली होती. शेतीला लागणारी छोटी यंत्रं आपणच बनवायची आणि त्यांचं सर्किट, प्रोग्राम, सगळं खुलं ठेवायचं, म्हणजे कोणालाही ती बनवता येतील, सुधारता येतील. अकरा बैठका झाल्या. सात बोधचिन्हाचा रंग ठरवण्यात गेल्या. दर बैठकीच्या सुरुवातीला दोघा-तिघांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार व्हायचा. माणसं संपली तेव्हा अध्यक्षांनी स्वतःचा दुसऱ्यांदा करून घेतला.

उरलेल्या चार बैठकांत एकच वस्तू झाली, मातीतली ओल मोजणारी कांडी. कोणत्या आकड्याला कोरडं म्हणायचं हे तिला शिकवायला माती हवी होती. काळी माती आणली तर हॉलच्या फरशीवर चिखल होईल, म्हणून अध्यक्षांनी नर्सरीतली कुंडी मागवली. वऱ्हाडात बसून आम्ही कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, मोजला. आकडा तीसच्या खाली गेला की पाणी द्यायचं, असं ठरलं. मीही तो वहीत उतरवून घेतला.

वरूडची एक संत्रा बागायतदार बाई मंडळात होती. तिची बाग बहारासाठी ताणावर होती, म्हणजे पाणी तोडलेलं. ताण कमी पडला तर फूल येत नाही, जास्त झाला तर झाड पानं टाकतं. चौऱ्याऐंशी झाडांच्या एका तुकड्यात तिने आमची कांडी लावली. बाकीची बाग ती स्वतःच्या नजरेने पाहत होती.

तिचा फोन आला. "भाऊ, सकाळी दहालेच पानं गुंडाळून राहिले. तुमची कांडी चाळीस दाखवते."

"तीसवर येऊ द्या ताई. आकड्यावर विश्वास ठेवा."

"आकडा पाहू का झाड पाहू?"

मी आकडा म्हणालो. सहा दिवस ती थांबली. सातव्या दिवशी मी वरूडला पोचलो तेव्हा त्या तुकड्यात पानांचा सडा होता. तिने बाकीच्या बागेला केव्हाच पाणी सोडलं होतं. इथेही मला न विचारता ठिबक चालू केलं.

मी डब्यात माती भरून घरी आणली, स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलली, तव्यावर वाळवून पुन्हा तोलली आणि कांडीच्या आकड्याशी ताडून पाहिली. आमच्या काळ्या मातीत पंचेचाळीसलाच झाड तहानलेलं असतं. कांडीतला आकडा बदलायला प्रोग्राम हवा होता. तो मागितला तर अध्यक्ष म्हणाले, "खुलं म्हणजे पाहायला खुलं, साहेब. उद्या चांदूर बाजारचा कोणी दुकान मांडून बसला तर?" कांडी उघडून पाहिली. चिपवरचे नंबर कानशीने घासून टाकलेले होते. ज्या गोष्टीची नक्कल व्हावी म्हणून मंडळ काढलं, तिचीच नक्कल होऊ नये म्हणून या माणसाने हात दुखवले होते.

पंचेचाळीसचा आकडा आणि तो तपासायची रीत मी मंडळाच्या ग्रुपवर टाकली. बारा मिनिटांत अध्यक्षांनी मला काढून टाकलं. बाकी एकवीस जणांपैकी एकानेही काहून म्हणून विचारलं नाही.

बहार आल्यावर मी पुन्हा वरूडला गेलो. बाकीची बाग पांढरी होती. कांडीच्या तुकड्यात मी एकेक झाड मोजलं. धड फुललेली एकोणीस.

"चूक माझीही आहे, ताई."

"आहेच," ती म्हणाली, आणि पुढच्या ओळीकडे निघाली.